एकच डोस, दोन निकाल

तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात हा बाळंतपणाचा विषय कुठून आला? जरा थांबा, पुढे आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी येणार आहे.

आपल्याकडे एखादं बाळ दुभंगलेला ओठ घेऊन जन्माला आलं की पहिला प्रश्न आईला विचारतात. ग्रहणात काही चिरलंस का? शिकलेल्या घरात ग्रहण जातं आणि त्याच्या जागी कुठलीतरी गोळी येते, पण आरोपी तीच. उलट एखादी आजी ठासून सांगते, "मी पाचही वेळा मिश्री लावली, सगळी पोरं ठणठणीत!" दोन्हीकडे गृहीत एकच, की कारण तेच असेल तर परिणामही तोच व्हायला हवा. हे गृहीत किती कच्चं आहे ते उंदरांनी दाखवून दिलं.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लार्क फ्रेझर या शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास गाभण उंदरांना कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली. उंदीर दोन जातींचे होते, 'ए' आणि 'सी-५७ ब्लॅक'. डोस तोच, दिवस तेच. 'ए' जातीत जवळजवळ सगळ्या पिल्लांची टाळू दुभंगलेली निघाली. 'सी-५७' मध्ये मात्र साधारण पाचात एकाची. फरक फक्त जीन्सचा!

हे का झालं, ते मला सगळ्यात भारी वाटतं. टाळूचे दोन पडदे सुरुवातीला जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. ठरावीक वेळी ते वर उचलले जाऊन आडवे होतात आणि मधोमध एकमेकांना चिकटतात. पण तोवर डोकं रुंद होत असतं. उशीर झाला तर पडदे एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. 'ए' जातीत हे काम मुळातच उशिरा होतं, 'सी-५७' मध्ये लवकर. कॉर्टिसोन दोघांनाही उशीर करतं. म्हणजे आपल्या सबमिशनसारखंच. ज्याची फाइल आठवडाभर आधी तयार आहे त्याची लाइट एक रात्र गेली तरी बिघडत नाही, आदल्या रात्री लिहायला बसणारा मात्र गेला. लोड सारखाच, पण एका बीमला मार्जिन होतं आणि दुसऱ्याला नव्हतं.

आणखी एक गंमत आहे. दोन जातींचा संकर केला तेव्हा आई 'ए' जातीची असली की दुभंगलेली पिल्लं बरीच जास्त निघाली. म्हणजे पिल्लाच्या जीन्सबरोबर आईची जातही मोजावी लागते.

माणसांत याची किंमत फार मोठी पडली. थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ ते १९६१ या काळात विकलं गेलं. गरोदर बायकांनी ते झोपेसाठी आणि उलट्यांवर घेतलं. जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं आखूड किंवा अर्धवट हातपायांची जन्मली. उंदरांच्या पिल्लांना मात्र त्याने तसं काही होत नाही, सशांच्या पिल्लांना होतं. २०१० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की हे औषध सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला चिकटतं. माणूस आणि उंदीर यांच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एका अमिनो आम्लाचा फरक आहे. माणसात औषध चिकटल्यावर एस-ए-एल-एल-४ हे प्रोटीन नष्ट होतं, हे २०१८ मध्ये समजलं. आणि ज्यांच्या याच जीनमध्ये जन्मतः बिघाड असतो, त्यांचे हातही थॅलिडोमाइडच्या मुलांसारखे दिसू शकतात. आईने एकही गोळी घेतलेली नसताना!

आकडीवरच्या फेनिटॉइन या औषधाची गोष्ट अजून जवळची आहे. शरीरात त्याचा एक घातक मधला पदार्थ बनतो आणि एक एन्झाइम तो निकामी करतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ गर्भ तपासले. चौघांत हे एन्झाइम कमी होतं आणि दोष त्या चौघांतच दिसले. गट लहान आहे हे खरं, त्यावरून चाचणी काढता येत नाही. (आणि म्हणून कोणी आकडीची गोळी मनाने बंद करू नये. गरोदरपणात फिट येणंही धोक्याचंच. काय बदलायचं ते दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवावं.)

आता पुन्हा मिश्रीवाल्या आजीकडे. तिची पाच मुलं ठणठणीत आहेत हे खरंच आहे, पण ते तिचं आणि तिच्या मुलांचं मार्जिन आहे. ते सुनेकडे असेलच असं नाही. नातवात तर निम्मे जीन्स सुनेचे. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्री किंवा तसली तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी सुमारे १०५ ग्रॅमने कमी भरलं. ही सरासरी आहे. तिच्यात आजीच्या पोरांसारखी गुटगुटीत बाळंही येतात आणि फारच कमी वजनाचीही. आपलं बाळ त्यातलं कोणतं, हे आधी सांगणारी रक्ततपासणी कुठल्याही लॅबमध्ये होत नाही.