मका कुठल्या हवेत भरला, ते आधी विचारा

परतीचा पाऊस सरला की निपाणी-चिकोडीकडे मळणीयंत्रं घुमू लागतात आणि गोठ्यासाठी वर्षाच्या भरड्याची तजवीज सुरू होते. मका म्हणजे मका, असं धरून आपण पोती रचतो. पण बेळगाव जिल्ह्याची हवा एक नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे झड हटता हटत नाही, मध्ये हुक्केरी-निपाणीचा मध्यम पावसाचा पट्टा आणि पूर्वेला अथणी-सौंदत्तीचा कोरडा माळ. या तीन ठिकाणचा दाणा जनावराच्या अंगी सारखा लागत नाही.

कणसाला केसर आल्यापासून साधारण दीड महिना दाणा भरत असतो. त्या दिवसांत पाणी तुटलं किंवा पारा 35 अंशांच्या वर राहिला, तर पिष्ट भरायचं काम अर्ध्यावर आटोपतं. दाणा सुरकुततो, हलका पडतो. तपासणीत त्यात प्रथिनं थोडी जास्त दिसतात, पण हुरळून जाऊ नका. पिष्ट घटलं म्हणून तो टक्का वर गेलेला असतो.

एक 10 लिटरची बादली घ्या. सुका मका काठोकाठ भरा, फळीनं सपाट करा, वजन करा. चांगला भरलेला मका 7 किलोंच्या थोडा वर जातो. पाणी तुटलेल्या रानातला साडेसहाच्याही खाली येऊ शकतो. आता गंमत अशी की किलोला किलो तोलला तर थोडाफार हलका दाणा खाद्य म्हणून फारसा वाईट नसतो. नुकसान होतं ते आपल्या डब्यामुळं. भरडा आपण डब्यानं घालतो, डबा तोच राहतो, आत माल कमी येतो, आणि म्हैस आटली म्हणून आपण औषधं शोधत बसतो. निदान या हंगामात तरी आंबोण तागडीनं घाला.

हलक्या दाण्यापेक्षा जास्त धास्ती बुरशीची. ताण पडलेल्या, उन्हानं तापलेल्या पिकात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी बुरशी शेतातच शिरते. 2023 च्या ऑगस्टात पावसानं दडी मारली, तशा वर्षी हा धोका वाढतो. उलट कणीस पावसात भिजत उभं राहिलं तर दुसऱ्या जातीची, गुलाबी-पांढरी बुरशी धरते. आणि शेतातून वाचलेला मकासुद्धा ओला पोत्यात भरला की घरात बिघडतो. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या लोकांनी 2019 च्या महापुरानंतर भिजलेल्या धान्याचा वास घेतलेला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

अफ्लाटॉक्सिन खाल्लेल्या गाई-म्हशीच्या दुधात एका दिवसात त्याचा अंश उतरतो. दूध उकळून तो जात नाही, मका उन्हात घालूनही नाही. पशुखाद्यात या विषाची मर्यादा किलोला 20 मायक्रोग्रॅम आहे, दुधात किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. खाद्य बदललं की चार-पाच दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होऊ लागतं, एवढा दिलासा. पण आपल्याकडची रीत उलटी: टपोरा मका कोंबडीखाद्याला आणि आता इथेनॉलला जातो, व्यापाऱ्यानं परत केलेला काळपट माल गोठ्यात येतो. गाभण जनावराला, वासराला आणि कोंबड्यांना तर तो अजिबात नको.

ओल ओळखायला यंत्र लागत नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि चमचाभर सुकं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, पोती भरू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, संध्याकाळी झाका. ओल 12 टक्क्यांवर आली की फळ्यांवर थप्पी मारा, भिंतीपासून हातभर लांब. निपाणीचा शेतकरी तंबाखूचं पान चिमटीत धरून त्यातली ओल सांगतो. तेवढीच नजर मक्याला लावली तर निम्मं काम झालं. भरडा पंधरवड्यापुरताच काढा, दळलेल्याला बुरशी लवकर धरते.

ज्वारीचं गणित वेगळं. खरिपाची हायब्रीड कणसात असताना पाऊस लागला की काळी पडते; शाळू मात्र कोरड्या थंडीत भरतो, म्हणून दाणा स्वच्छ निघतो. शाळू जनावराला घालणं कुणाला परवडतं, हेही खरंच. पण मक्यावर शंका असेल तर दुभत्या जनावरापुरता थोडा शाळू भरडून मिसळायला हरकत नाही. एरवी त्याचा कडबा तरी सांभाळा: कणसं नीट भरली नाहीत त्या वर्षी साखर धाटातच राहते, जनावरं तो आवडीनं खातात.

मक्याला जोड म्हणून पावसात भिजलेलं सोयाबीन घालणार असाल, तर ते कच्चं कोंबड्यांना घालू नका, आणि युरियाप्रक्रिया केलेल्या वैरणीबरोबर तर कुठल्याच जनावराला नको.

नमुना तपासायचा तर एका पोत्यातला देऊ नका. विष सगळीकडं सारखं नसतं, एखाद्या कोपऱ्यात दाटलेलं असतं. दहा-बारा पोत्यांतून, वरून, मधून, तळातून मूठमूठ काढून एकत्र करा. तपासणी कुठं होते ते दूध संघाच्या डॉक्टरांना किंवा मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. नवा मका सुरू करताना जुन्यात मिसळत आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, एकदम घातला तर पोटात आम्लता होऊन जनावर खाणं सोडतं.