करा हातात घेण्याआधी

लग्न ठरलं की घरात करवलीच्या साडीची चर्चा सुरू होते. करवलीने दिवसभर करायचं काय, यावर मात्र कुणी बोलत नाही. करा धरायचा आणि मागे उभं राहायचं, एवढंच ते काम, असा समज. मामेबहीण, नणंद, मैत्रिणी अशा बऱ्याच जणींच्या मागे मी उभी राहिले आहे, म्हणून सांगते: कार्यालयात जो तो लग्नासाठी राबत असतो. नवरीसाठी राबणारं माणूस म्हणजे करवली.

मामेबहिणीचंच घ्या. मुहूर्त साडेबाराचा. तिला पहाटे उठवून मेकअपला बसवलेलं, आणि ‘अक्षता पडेपर्यंत उपास’ अशी आजीची ताकीद. गौरीहराशी बसली तेव्हाच चेहरा उतरला होता. अंतरपाट धरला, गुरुजींच्या मंगलाष्टका झाल्या. मग मुलाकडच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेल्या सुरू केल्या, आणि त्यांचं पाहून आमच्या काकूही सरसावल्या. एका ‘सावधान’ला बहीण चक्क बाजूला कलली. तिच्या मामांनी मागून दंड धरला म्हणून निभावलं. समोरच्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, पोरीला भरून आलं. भरून कसलं येतंय, पोटात कण नव्हता! तेव्हापासून माझ्या पिशवीत शहाळ्याचं पाणी, राजगिऱ्याचे लाडू आणि स्ट्रॉ असते. उपासाला हे चालतं, त्यामुळे आजीशी वाद होत नाही, आणि स्ट्रॉने लिपस्टिक बिघडत नाही. करासुद्धा काठोकाठ भरू नका. आत्याबाई किती कडवी म्हणणार आहेत हे आधी कुणाला ठाऊक असतं?

दुसरा विषय चारचौघांत बोलला जात नाही, तो नऊवारीचा. नेसवणारी बाई काम आटोपून पुढच्या कार्यालयात निघून जाते आणि थोड्या वेळाने नवरीला बाथरूमला जायचं असतं. या धास्तीने दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली मी पाहिल्यात. साडी शिवलेली असेल तर हुक कुठे आहेत ते बघून ठेवा. नेसवायची असेल तर शेजारी उभ्या राहा, काष्टा कसा खोचला ते नीट पाहा, मोबाइलवर चित्रण करा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

होमाजवळ फोटोकडे नाही, शेल्याकडे लक्ष ठेवा. लाह्या घालायला नवरी पुढे वाकते आणि शेला खांद्यावरून घसरतो. हल्ली तो बहुधा सिंथेटिक असतो, वर नवऱ्याच्या उपरण्याशी गाठ मारलेली, म्हणजे झटकन काढताही येत नाही. खांद्यावर पिन लावा, लोंबणारा भाग कमरेला खोचा. फोटोग्राफर कुरकुरेल, कुरकुरू द्या.

सप्तपदीच्या वेळी हमखास कुणीतरी ओरडतं, ‘पंगत खोळंबलीय, आवरा!’ त्याला शांतपणे सांगा की १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातल्या कलम ७ प्रमाणे, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. पुरणपोळी तोवर थांबेल. आणि गुरुजी दक्षिणा घेऊन निघण्याआधी नोंदणीच्या अर्जावर त्यांची सही घ्या. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करावी लागते, तीन साक्षीदारही लागतात. माझ्या एका मैत्रिणीला या एका सहीसाठी गुरुजींच्या गावी खेटे घालावे लागले. मुहूर्तांच्या दिवसांत ते घरी सापडतात कुठे?

आहेराच्या पाकिटांची पिशवी मात्र कुणी कितीही गळ्यात मारली तरी घेऊ नका. करवलीला मिनिटामिनिटाला हाका येतात, आणि अशा पिशव्यांवर नजर ठेवून असणारे लोक चांगले कपडे घालूनच कार्यालयात शिरतात. जो काका दिवसभर खुर्चीतून हलत नाही, त्याच्या मांडीवर ती पिशवी द्यावी. जोडे लपवण्याच्या मजेतही रक्कम कितीपर्यंत ताणायची, हे वराच्या बहिणीशी आधीच कानात ठरवून ठेवा. एका लग्नात ही घासाघीस विहिणींच्या मानापानावर गेलेली मी पाहिली आहे.

काही घरांत करवलीच पाठराखीण म्हणून सासरी जाते. तिथे माप ओलांडणं, लक्ष्मीपूजन, नाव ठेवणं उरकेपर्यंत मध्यरात्र होते, आणि मग अंबाड्यातल्या पिना काढायचं काम तुमचंच. खरी परीक्षा सकाळी असते. गीझरचं बटण कुठे, चहा किती वाजता, आंघोळीआधी स्वयंपाकघरात गेलेलं चालतं का, हे नवरीला विचारवत नाही. तिच्या नणंदेला तुम्हीच विचारा, तेही सगळ्यांसमोर. कुणी नाक मुरडलंच तर तुमच्यावर मुरडेल, आणि तुम्हाला त्या घरात नांदायचं नाहीये.