थिजलेला आकडा

यवतमाळ

चिरंजीव बाळास,


तुझे पत्र पोचले. ज्या झरी-जामणीच्या मुलखाची ओळख आमच्या तरुणपणी कापूस, तूर आणि सागवान यांपलीकडे कोणी सांगत नसे, तेथे मुकुटबनला २०२२ साली वर्षाला सुमारे ३९ लाख टन सिमेंट काढू शकणारा कारखाना सुरू झाला आणि आज आपल्या घरातला मुलगा तेथील नियंत्रण-कक्षात पाळीवर बसतो, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. यंत्राजवळचा नियंत्रक म्हणजे पीएलसी आणि नियंत्रण-कक्षातली मुख्य यंत्रणा म्हणजे डीसीएस, यांचे बोलणे तुटले, तर तपास कोठून आरंभावा, असे तू विचारले आहेस. या विषयात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

सिमेंटच्या कारखान्यात क्रशर, वे-फीडर, कॉम्प्रेसर, पॅकिंग मशीन ही यंत्रे निरनिराळ्या उत्पादकांकडून आपापला नियंत्रक घेऊनच येतात, आणि त्या सर्वांना एका पडद्यावर आणण्याचे काम बहुधा मॉडबसकडे येते. मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आपल्या नियंत्रकांसाठी केलेली ही पद्धत अजून टिकून आहे, कारण ती साधी आहे आणि सर्वांस खुली आहे. तिच्या सिरियल प्रकारात एक मास्टर आणि १ ते २४७ यांपैकी आपापला क्रमांक धारण करणारे स्लेव्ह असतात. आणि मामलेदार कचेरीतून हुकूम सुटल्यावाचून तलाठी जसा आपण होऊन दप्तर उघडीत नाही, तसा मास्टरने विचारल्यावाचून स्लेव्ह अवाक्षर काढीत नाही. म्हणून पडद्यावर आकडा आला नाही, की प्रश्न गेला काय, तो पोचला काय आणि उत्तर निघाले काय, या तिन्ही ठिकाणी चौकशी करणे प्राप्त होते.

संवाद तुटला की पाळीवरचा पहिला माणूस नियंत्रकाचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करतो. पुष्कळदा काम सुरू होते, त्याला शाबासकीही मिळते, आणि तोच बिघाड पुढल्या आठवड्यात भर मध्यरात्री पुन्हा उभा राहतो. कारण कोणता दिवा लाल होता, कोणता लुकलुकत होता, चुकांचा गणक कोठवर चढला होता, शेवटचा त्रुटी-क्रमांक काय होता, ही सारी साक्ष त्या एका कळीसरशी नाहीशी झालेली असते. तेव्हा यंत्र व माणसे सुरक्षित असतील तर आधी पंचनामा कर: दिव्यांची छायाचित्रे घे, वेळ टिपून ठेव, त्या क्षणी दुसरे कोणते यंत्र चालू किंवा बंद झाले ते लॉगबुकात लिही, मग हात लाव, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

त्यानंतर पाहावयाचे ते हे, की समोरचा गप्प आहे की नकार देत आहे. स्लेव्हकडून त्रुटी-क्रमांक ०२ आला तर नवखा माणूस घाबरतो. वस्तुतः ती शुभवार्ता होय, कारण तार, वेग, पॅरिटी आणि स्लेव्हचा क्रमांक हे सर्व बरोबर असल्यावाचून तो नकार तुझ्यापर्यंत पोचलाच नसता. मागितलेले रजिस्टर त्याच्याकडे नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. येथे पुस्तिकेतले ४०००१ हे प्रत्यक्ष संदेशात शून्य म्हणून जाते, हे ध्यानात ठेव. एका अंकाच्या या फरकाने कधी नकार येतो, आणि कधी त्याहून वाईट घडून शेजारच्या रजिस्टरातला आकडा निमूटपणे हजर होतो.

उत्तरच येत नसेल तर मात्र लॅपटॉप मिटून तारेकडे जा. वर्क परमिट घेऊन, वीज बंद करून, सिरियल मॉडबस वाहणाऱ्या आरएस-४८५ च्या दोन तारांमधला रोध मीटरने मोज. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन असेल आणि केबल फार लांब नसेल, तर मीटर ६० च्या आसपास दाखवील. १२० दिसले तर एक टोक मोकळे आहे किंवा तार मध्येच तुटली आहे. ४० दिसले तर कोणीतरी मधल्या नियंत्रकावरही टर्मिनेशनचा स्विच चालू करून ठेवला आहे. ए आणि बी या खुणा सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरीत नाहीत, म्हणून तारा उलट जोडल्याचा संशय नेहमी जागा ठेव. केबल मोठ्या मोटारीच्या ड्राइव्हच्या केबलशेजारून एकाच ट्रेमध्ये नेली आहे काय, तेही पाहा. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात, तेव्हा दोन इमारतींच्या अर्थिंगमधला विद्युद्दाबाचा फरक पोर्ट जाळून टाकतो. अशा अंतरासाठी ऑप्टिकल फायबरचा आग्रह धर, खर्चाची सबब कोणी सांगितली तरी धर.

परंतु ज्या बिघाडाची मला खरी धास्ती वाटते, तो मौनाचाही नव्हे आणि नकाराचाही नव्हे. एका जुन्या कारखान्यात, पावसाळ्यातल्या एका रात्रपाळीला, चुनखडीच्या वे-फीडरचा आकडा पडद्यावर अगदी निरोगी दिसत होता; रंग हिरवा, अलार्म एकही नाही. शेजारी बसलेल्या एका वयस्क ऑपरेटरने बोट ठेवून दाखविले, की दशांशानंतरचा अंक हलत नाही. चालत्या पट्ट्यावरचे वजन असे स्थिर कधीच राहत नाही, तो शेवटचा अंक थरथरलाच पाहिजे. माणूस खाली धाडला, तर ओल्या चिकट दगडाने हॉपरचे तोंड धरलेले, पट्टा जवळजवळ रिकामा धावत होता आणि माल कमी पडल्याने गिरणीचा आवाज चढलेला. झाले होते असे, की फीडर आणि त्याचे आकडे डीसीएसकडे पोचविणारा गेटवे यांमधली तार सुटली होती, पण गेटवे आणि डीसीएस यांमधला दुवा शाबूत होता; आणि गेटवे आपल्या स्मृतीतला शेवटचा आकडा, विचारील त्याला, इमानेइतबारे देत राहिला होता. नियंत्रण-कक्षाच्या दृष्टीने संवाद मुळी तुटलाच नव्हता.

यावरचा उपाय अल्पमोली आहे. प्रत्येक नियंत्रकात दर सेकंदाला एकाने वाढणारा गणक ठेवावा, तो डीसीएसने वाचावा, आणि ठरावीक काळ तो हलला नाही तर त्या नियंत्रकाकडून आलेले सर्व आकडे अविश्वसनीय ठरवून अलार्म द्यावा. हा गणक मूळ नियंत्रकातच असला पाहिजे, गेटवेमध्ये नव्हे. तसेच संवाद तुटल्यावर फीडरने शेवटच्या सेटपॉइंटवर चालत राहावयाचे की थांबावयाचे, हा निर्णय प्रोसेसच्या मंडळींकडून लेखी घे. तो कोणी घेतला नसेल तर उत्पादकाने कारखान्यातून पाठविताना जे ठेवले असेल तेच लागू राहते, आणि ते काय आहे हे बहुतेकांस ठाऊक नसते.

पुढच्या शटडाउनमध्ये वरिष्ठांच्या परवानगीने एकेका फीडरची संवाद-केबल स्वतः काढून पाहा, पडद्यावर किती सेकंदांनी काय दिसते ते तक्त्यात मांड, आणि त्या तक्त्याची एक नक्कल मला धाड. ताईस माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा