टेप कुणाची, ते आधी विचारा

सनी क्लार्कची ‘कूल स्ट्रटिन’ मी पहिल्यांदा सीडीवर ऐकली आणि तिची एलपी घरात हवीच, असं मनाने घेतलं. ५ जानेवारी १९५८ रोजी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरने न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये, आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ती ध्वनिमुद्रित केली होती. पियानोवर क्लार्क, ट्रम्पेटवर आर्ट फार्मर, आल्टो सॅक्सोफोनवर जॅकी मॅक्लीन, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर फिली जो जोन्स. अमेरिकेपेक्षा जपानी रसिकांनीच ही एलपी अधिक डोक्यावर घेतली. मला मिळाली ती युरोपात निघालेली नवी आवृत्ती. स्टिकरवर सगळं होतं: १८० ग्रॅम, रीमास्टर्ड, मर्यादित प्रती. सुई टेकवली आणि ऐकू आली ती माझ्याकडची सीडीच, फक्त झांजा जास्त टोचणाऱ्या आणि बेस पुसट. शिवाय तीवर ‘रॉयल फ्लश’ ही रचना होती. मूळ एलपीवर चारच रचना होत्या. ‘रॉयल फ्लश’ त्याच दिवशी वाजवली गेली असली, तरी ती बऱ्याच उशिरा बाहेर आली आणि सीडीवर जोडली गेली. ही तबकडी कशावरून उतरवली असावी, हे त्या जादा रचनेनेच सांगितलं.

याचं मूळ कायद्यात आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचं संरक्षण पूर्वी ५० वर्षांचं होतं. २०१३ पासून ते ७० वर्षांचं झालं, पण तोवर ज्यांची मुदत संपली होती, ती मुद्रणं पुन्हा संरक्षणात आली नाहीत. म्हणजे १९६२ पर्यंत बाजारात आलेला जवळजवळ सगळा जॅझ तिथे कुणालाही छापता येतो. मूळ टेप मात्र अमेरिकेतल्या मालक कंपनीच्या तिजोरीत असते आणि ती अशा छापणाऱ्याला मिळत नाही. मग त्याच्या हाती उरते बाजारातली सीडी. कायद्याने यात गैर काही नाही. पण आपण एलपीचे पैसे मोजतो आणि मिळते जाड प्लास्टिकवर चढवलेली सीडी.

म्हणून नव्या माणसाला मी आता एकच सांगतो: स्टिकर वाचू नका, पाठ वाचा. मास्टरिंग कुणी केलं आणि कशावरून केलं, हे मागच्या बाजूला नावानिशी छापलेलं असतं का, ते बघा. ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘टोन पोएट’ मालिकेत जो हार्ली आणि केविन ग्रे यांची नावं असतात आणि मूळ टेपचा उल्लेख असतो. ज्याने टेप हाताळली आहे तो ते लपवत नाही. ‘डिजिटली रीमास्टर्ड’ एवढंच लिहून नाव गाळलेलं असेल, तर पाकीट खाली ठेवावं. वजनाचं तर मनातून काढूनच टाका. तबकडी किती ग्रॅमची, यावर आवाज ठरत नाही, तो ठरतो टेपवर आणि ती तबकडीवर कोरणाऱ्या माणसावर. मोठ्या नावांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या रेकॉर्ड्स थेट टेपवरून कोरल्या जातात, असं लोक वर्षानुवर्षं मानत होते. २०२२ मध्ये कळलं की बऱ्याच रेकॉर्ड्सच्या मधल्या पायरीवर डिजिटल फाइल होती. त्या वाईट वाजत होत्या, असं कुणी म्हटलं नाही. सांगितलं नव्हतं, याचा लोकांना राग आला, आणि तो रास्त होता.

जुन्या प्रती घेणाऱ्याने आणखी एक जागा वाचायला शिकलं पाहिजे. शेवटची रचना संपते तिथून लेबलपर्यंत जी कोरी पट्टी असते, तिच्यावर अक्षरं कोरलेली असतात. ब्लू नोटच्या जुन्या रेकॉर्डवर तिथे व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं किंवा त्याचं आडनाव दिसतं. त्याच्या जोडीला कानाच्या आकाराची एक खूण असली, तर ती प्रत प्लास्टिलाइट या कारखान्यात दाबलेली. १९६०च्या दशकाच्या मध्यावर लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि छपाई दुसरीकडे गेली. पण जुनी लेबलं शिल्लक होती, ती वापरली गेली. त्यामुळे लेबल जुनं म्हणून प्रत पहिली, हा हिशेब चुकतो. लेबलवर विसंबून पहिल्या प्रतीचा भाव मागणारे विक्रेते मला अनेकदा भेटले आहेत आणि त्यातले बरेचसे प्रामाणिकच होते, त्यांना ती खूण ठाऊक नव्हती. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा कोऱ्या पट्टीचा उजेडात काढलेला फोटो मागवा. मी तर पुढे जाऊन म्हणेन की व्हॅन गेल्डरची खूण आहे पण कान नाही, अशा लिबर्टीच्या काळातल्या प्रती मुद्दाम शोधा. कोरणारा हात तोच, किंमत मात्र कितीतरी कमी. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या किंग कंपनीने छापलेल्या प्रतीही अशाच. तिथे टेपची नक्कल वापरली गेली, तरी तबकडीचा पृष्ठभाग इतका शांत आहे की पियानोचा शेवटचा सूर विरेपर्यंत ऐकू येतो.

पहिली प्रत म्हणजे सर्वोत्तम, हेही खरं नाही. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चंच घ्या. २ मार्च १९५९ च्या सत्रात एक टेपयंत्र किंचित मंद चाललं होतं. त्यावरची टेप योग्य वेगाने वाजवली की सूर जरासे चढतात. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीसेक वर्षं तशाच चढ्या सुरात विकल्या गेल्या. सोबत वाद्य घेऊन बसणाऱ्यांना ते जुळत नसे. १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरची जादा टेप वापरून ही चूक दुरुस्त झाली. या एका एलपीपुरती, नीट केलेली नवी आवृत्ती मूळ प्रतीपेक्षा त्या दिवशीच्या वादनाच्या जवळ आहे.

आता दुर्मिळ गोष्टींचा शोध. यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते ‘हम दोनो’ने. जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि मुंबईत जन्मलेला गोव्याचा गिटारवादक अमान्सिओ डिसिल्व्हा यांची ही १९६९ मधली लंडनची एलपी. तीत ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना आहे. परदेशात राहून आपल्या मातीकडे इतक्या संयमाने पाहणारं जॅझ मी दुसरं ऐकलेलं नाही. मूळ प्रत माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. नावाने शोधायला गेलं की देव आनंदच्या ‘हम दोनो’चा, जयदेवांच्या गाण्यांचा ढीग समोर येतो. दुकानदारांना विचारलं तरी तेच. वाट सापडली ती निर्मात्याच्या नावाने. डेनिस प्रेस्टन हा निर्माता लंडनमधल्या आपल्या लॅन्सडाउन स्टुडिओत स्वतंत्रपणे मुद्रण करायचा आणि टेप मोठ्या कंपन्यांना वापरायला द्यायचा. त्यामुळे लेबलवर नाव एका कंपनीचं आणि हक्काची वाट भलतीकडेच, असं होतं. अशा रेकॉर्ड्सची पुनर्मुद्रणं छोट्या, अनोळखी वाटणाऱ्या कंपन्यांकडून येतात. डिसिल्व्हाची ‘कोकण डान्स’ तर १९७०च्या दशकात मुद्रित होऊन पडून राहिली आणि तीस वर्षांहून अधिक काळानंतर व्होकॅलियन या छोट्या इंग्लिश कंपनीने सीडीवर आणली. कलाकाराच्या नावाने शोधत राहिलो असतो, तर तिचा मागमूस लागला नसता. तुम्हीही शोधताना आधी निर्माता, मग स्टुडिओ, मग आज त्या टेपचा हक्क कुणाकडे आहे, या क्रमाने जा.

अशा आवृत्त्या निघाल्या की लगेच घ्याव्या लागतात, हेही खरं. मायकेल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांनी उभ्या केलेल्या मोझेक कंपनीचे संच क्रमांक टाकून ठरावीक संख्येत निघायचे आणि करार संपला की पुन्हा छापले जायचे नाहीत. पुढे ते दुप्पट-तिप्पट भावाने फिरतात. घाई करायची असेल, तर ती अशा ठिकाणी करा.

परदेशातून मागवताना किमतीचा हिशेब पूर्ण मांडा. आपल्याकडे आयात शुल्क मालाच्या किमतीत पाठवणीचा खर्च आणि विमा धरून आकारलं जातं. म्हणून एकेक रेकॉर्ड मागवण्यापेक्षा एका विक्रेत्याकडून चारपाच एकत्र मागवलेल्या बऱ्या. प्रत नुसती डोळ्यांनी पाहून ‘उत्तम’ म्हटली आहे की वाजवून, हे लेखी विचारून घ्या. तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पाकिटात ठेवून पाठवायला सांगा. वाटेत आदळआपट झाली की तबकडीची कड कव्हरची शिवण फाडते, माझी दोन सुंदर कव्हरं अशीच गेली. आणि एप्रिल-मे टाळा. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतून आलेली एक जपानी प्रत माझ्याकडे अशी वाकून आली की सुई तीवर ठरत नाही. विक्रेत्याने पैसे परत केले, पण ती प्रत पुन्हा काही मिळाली नाही.

शेवटी आपल्या घरातल्या माळ्यांबद्दल. १९३० ते १९५०च्या दशकांत मुंबईच्या हॉटेलांमध्ये गोव्याच्या वादकांचे जॅझ बँड वाजत होते आणि त्यांच्या ७८च्या रेकॉर्ड्सही निघाल्या. हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मुळे मराठी घरांतही ओळखीचा झाला, पण त्याच्या स्वतःच्या बँडच्या तबकड्या कितीजणांनी ऐकल्या आहेत? हार्लेक्विन या ब्रिटिश लेबलने १९२६ ते १९४४ या काळातलं भारतातलं जॅझ एका एलपीवर एकत्र आणलं होतं. तेही आज शोधावं लागतं. त्या काळातल्या मुद्रणांच्या मूळ टेप नाहीत, कारण तेव्हा इथे टेपवर मुद्रण होतच नव्हतं. जे काही पुन्हा निघेल ते कुणाच्या तरी घरातल्या तबकडीवरूनच निघेल.

तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर ती स्पिरिटने पुसू नका, ७८ची लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ कापड पुरतं, फक्त लेबल भिजू देऊ नका. एलपीच्या सुईने ती वाजवू नका, ७८ची खाच कितीतरी रुंद असते आणि तिची सुई वेगळी मिळते. तबकडी उभी ठेवा. दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि कोऱ्या पट्टीवरच्या क्रमांकांचे फोटो काढून ठेवा. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे, तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’च्या अंकांत असे क्रमांक कसे वाचायचे, ते समजतं. क्रमांक लागला की मुद्रण साधारण कधीचं ते ठरवता येतं, आणि ते ठरलं की तीच रेकॉर्ड असलेला दुसरा माणूस शोधता येतो. दोन प्रती जवळ आल्या, तर एकीवरची चीर दुसरीवरून भरून काढता येते.