नाव लिहून घ्यावं का?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी दारूच्या व्यसनात अडकलेल्यांच्या बायकांसाठी आधारगट सुरू करतोय. सचिव म्हणतात, नाव-पत्ता-मोबाइल नोंदवल्याशिवाय कुणालाही बसू देऊ नका. तुमचं मत? (एक कार्यकर्ती)

उत्तर : नोंदवही ठेवू नका. लहान गावात ती कपाटात राहिली, तरी कुणाची नजर पडेल याची धास्ती पुरेशी असते. जी बाई सासरच्यांपासून लपून येणार आहे, ती वही पाहून दारातूनच परत फिरेल, आणि तिलाच तुमची सगळ्यात जास्त गरज आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांचा अल्कोहोलिक्स अनॉनिमस हा आधारगट १९३५मध्ये अमेरिकेत सुरू झाला. तिथे सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे; नाव-पत्ता द्यावा लागत नाही. कुटुंबीयांसाठीचं अल-अ‍ॅनॉनही अनामिकता पाळतं.

सचिवांची काळजी मात्र खोटी नाही. एखादी बाई जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलून निघून गेली, तर तिला शोधणार कुठे? म्हणून अशा वेळी तिला एकटीला जाऊ देऊ नका, बाजूला घेऊन बोला, आणि त्या क्षणी तिच्या संमतीने नंबर मागा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

नाव नसलं तरी शिस्त हवीच : इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. हे मोडणाऱ्या व्यक्तीला, ती कितीही ओळखीची असो, पुढच्या बैठकीला येऊ देऊ नका.