बायो की मॅथ्स? लायपोसोमला दोन्ही लागतात

२०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात थैमान घातलं, तेव्हा ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी’ या इंजेक्शनसाठी रुग्णांचे नातेवाईक दुकानामागून दुकानं पालथी घालत होते. अँफोटेरिसिन हे औषध जुनंच. पण ते मूत्रपिंडाला जड जातं. लिपिडच्या अतिसूक्ष्म पोकळ गोलकाच्या भिंतीत बसवलं की हा त्रास बराच कमी होतो. हा गोलक म्हणजे लायपोसोम. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी भारतात तयार झालेल्या अशा औषधावर त्याआधी कितीतरी वर्षं काम केलं होतं.

अकरावीला बायो सोडू की मॅथ्स, या पेचात पडलेल्या मुलांनी आणि नीटचे गुण कमी पडले म्हणून धास्तावलेल्या पालकांनी लायपोसोमच्या या क्षेत्राकडे जरूर पाहावं.

इथला एक कळीचा प्रश्न असा: धातूचा आयन लिपिडच्या पडद्याजवळ आला की काय होतं? इंग्लंडमधल्या बाब्राहमला अलेक बँगहॅम आणि सहकाऱ्यांनी पाण्यात फुगलेल्या फॉस्फोलिपिडच्या थरांतून सोडियम, पोटॅशियमसारखे आयन किती वेगाने झिरपतात ते मोजलं आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं. लायपोसोमचं शास्त्र तिथून उभं राहिलं.

प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी. सोडियमवर एकच धनभार, त्यामुळे त्याची पकड सैल. कॅल्शियमवर दोन, तो ऋणभारित लिपिडच्या रेणूंच्या डोक्यांना, म्हणजे पाण्याकडच्या टोकांना, घट्ट धरतो, मधलं पाणी हटवतो आणि शेजारचे दोन गोलक एकमेकांत मिसळूही शकतात. लोह लिपिडच्या शेपट्यांचं, म्हणजे पडद्याच्या आतल्या टोकांचं, ऑक्सिडीकरण घडवून आणतं, म्हणून औषधात त्याचा अंशही नकोसा असतो. तांबं मात्र इथे कामाला येतं. रक्ताच्या एका कर्करोगावरच्या ‘व्हायक्सिऑस’ला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या लायपोसोममध्ये कॉपर ग्लुकोनेट असतं आणि डॉनोरुबिसिन व सायटाराबिन ही दोन औषधं १:५ या रेणू-प्रमाणात बांधलेली असतात.

आता हे काम कोणत्या विषयात मोडतं? भार आणि बंध रसायनशास्त्रात, पडदा जीवशास्त्रात, आयन किती वेगाने झिरपतात याचं गणित भौतिकशास्त्रात. ट्रॉम्बेच्या बीएआरसीत तर ‘ध्रुव’ अणुभट्टीतले न्यूट्रॉन वापरून लिपिडच्या पडद्यातली हालचाल अभ्यासली जाते. म्हणून अकरावीला शक्य असेल तर पीसीएमबी हा गट घ्यावा. एखादा विषय सुटलाच, तरी दार बंद होत नाही.

बारावीनंतरच्या वाटा ठळक आहेत. पुण्याच्या आयसरसाठी आयएटी ही परीक्षा. तिच्यात चारही विषयांचे प्रश्न असतात. मुंबईच्या सीईबीएस या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट. बी.फार्म.ला पीसीएम किंवा पीसीबी, कोणत्याही गटाने एमएचटी-सीईटी देता येते. साधी बी.एस्सी. करून पुढे जॅम या प्रवेश परीक्षेमार्फत एम.एस्सी. गाठणारेही पुष्कळ आहेत.

पालकांचा पुढचा प्रश्न पगाराचा, आणि तो रास्तच आहे. नुसत्या बी.एस्सी.वर औषध कंपनीत बहुधा क्यूसीचं, म्हणजे गुणवत्ता तपासणीचं, काम मिळतं. फॉर्म्युलेशनच्या आर अँड डीसाठी एम.फार्म., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. लागते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे शिक्षण लांबलं तरी घरावर भार पडत नाही. या कौशल्याला बाजारही आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’ या लायपोसोमल औषधाचा तुटवडा झाला, तेव्हा तिथल्या एफडीएने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ आयात करू दिलं होतं. असं औषध बनवताना गोलकाचा आकार, पृष्ठभार आणि गळती सतत तपासावी लागते. ते करू शकणारी माणसं लागतातच.

प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी मुलांसोबत कॉलेजची प्रयोगशाळा पाहून यावी. कणांचा आकार मोजणारं डीएलएस यंत्र आहे का, फ्लुओरिमीटर आहे का, आणि पदवीच्या मुलांना त्यावर स्वतः काम करू देतात का, हे थेट विचारावं. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा. प्रयोगशाळेतल्या त्या दोन महिन्यांत, हे काम आपल्याला मनापासून आवडतं का, याचा अंदाज मुलांना स्वतःलाच येईल.