सशांच्या आहारातील चोथा : भाताच्या मुलखातील पर्याय

गाईला वैरण लागते, कोंबडीला दाणे लागतात. सशाचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. तो गवत खातो, पण गाईप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याला धान्य आवडते, पण केवळ धान्यावर तो जगू शकत नाही. त्याच्या आहारात तंतुमय पदार्थ, म्हणजेच चोथा, पुरेसा नसेल तर पोषक द्रव्यांची कितीही रेलचेल असली तरी पिल्ले दगावू लागतात. यामुळेच ससेपालनात चोथ्याचा प्रश्न हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही. तो प्राण्याच्या जीविताचा प्रश्न ठरतो.

युरोपातील ससेपालनात चोथ्याची गरज मुख्यतः वाळवलेल्या लसूणघासाने भागवली जाते. रायपूरच्या परिसरात हा मार्ग सहजसाध्य नाही. छत्तीसगडचा हा मैदानी भाग भाताचे कोठार म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात येथील खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि लसूणघासाला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. उन्हाळ्यात हिरवा चारा दुर्मिळ होतो. भातगिरण्यांतून व खळ्यांवरून निघणारा दुय्यम माल मात्र येथे विपुल आहे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया व गडचिरोली या जिल्ह्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. तेव्हा या मालापैकी कोणता पदार्थ लसूणघासाची जागा घेऊ शकेल, याचा विचार करावयास हवा. त्यासाठी प्रथम सशाच्या पोटात चोथ्याचे काय होते हे पाहिले पाहिजे.

सशाची पचनव्यवस्था

सशाच्या लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्यावर अंधनाल नावाची, एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी असते. तिच्यात असंख्य सूक्ष्म जीव वसती करून असतात व न पचलेल्या अन्नाचे किण्वन करतात. परंतु सर्वच अन्न या पिशवीत थांबत नाही. मोठ्या आतड्याच्या आरंभी एक प्रकारची चाळणी घडते. तंतूंचे जाडसर कण पुढे ढकलले जातात व कडक लेंड्यांच्या रूपाने लवकर बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव भाग उलट दिशेने अंधनालात परत नेला जातो. तेथे किण्वन झालेल्या पदार्थाच्या मऊ, चकचकीत लेंड्या बनतात आणि ससा त्या थेट गुदद्वारातूनच उचलून गिळतो. या वर्तनाचे वर्णन शार्ल मोरो या फ्रेंच पशुवैद्याने 1882 साली केले होते. मऊ लेंड्यांतून सशाला सूक्ष्म जीवांनी तयार केलेली प्रथिने व ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. गाय चोथा पचवून त्यापासून शक्ती मिळवते. ससा मात्र चोथ्याचा बराचसा भाग न पचवताच टाकून देतो. असे असूनही चोथा त्याला अत्यावश्यक असतो, कारण जाडसर तंतूंमुळे आतड्यांची हालचाल चालू राहते. चोथा कमी पडला की अन्न अंधनालात नेहमीपेक्षा अधिक काळ रेंगाळते, तेथील सूक्ष्म जीवांचा समतोल ढळतो आणि रोगकारक जीवाणूंना वाढीस वाव मिळतो. नुकतेच आईपासून तोडलेले, चार ते आठ आठवड्यांचे पिल्लू या संकटाला सर्वांत आधी बळी पडते. प्रथम ते खाणे सोडते, मग पोट फुगते, हगवण लागते आणि पुष्कळदा एकदोन दिवसांतच ते मरते. चोथ्याच्या अभावी मोठे ससे एकमेकांचे केस कुरतडू लागतात. सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात. त्यांची झीज योग्य प्रमाणात होण्यासही तंतुमय अन्नाचे चर्वण साहाय्यक ठरते.

याउलट चोथा प्रमाणाबाहेर वाढला तर अन्नातील शक्ती घटते. ससा अधिक खाऊन ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतो, पण त्यालाही मर्यादा असते. मग वाढ मंदावते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1977 साली वाढत्या सशांच्या आहारात 10 ते 12 टक्के स्थूल तंतू असावेत असे सुचविले होते. पुढे युरोपातील, विशेषतः फ्रान्समधील, संशोधनावरून पिल्लांच्या सुरक्षिततेसाठी हे प्रमाण 14 टक्के व त्याहून थोडे अधिक ठेवणे इष्ट मानले जाऊ लागले.

गिरणीतील माल

रायपूरच्या परिसरात सर्वांत मुबलक पदार्थ म्हणजे भाताचे तूस. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. गिरण्यांच्या भट्ट्यांत ते जाळले जाते आणि त्यापासून वीजही निर्माण केली जाते. तुसात तंतूंचे प्रमाण भरपूर असल्याने ते सशांना का घालू नये, असा प्रश्न सहज उद्भवतो. परंतु तूस जाळल्यावर सुमारे 20 टक्के राख उरते आणि ती राख बहुतांशी सिलिकाची असते. तुसातील तंतू लिग्निन व सिलिका यांनी इतके जखडलेले असतात की सूक्ष्म जीवांना त्यांवर काहीच काम करता येत नाही. त्याचे कण कठीण व खरखरीत असतात. म्हणून तुसाला चोथ्याचा मुख्य आधार मानता येत नाही.

कोंड्याची गोष्ट वेगळी आहे. जुन्या हलर गिरणीत तूस व कोंडा एकत्रच बाहेर पडतात, म्हणून अशा कोंड्यातील तंतूंचा आकडा फुगलेला दिसतो. तो आकडा तुसाचा असतो. आधुनिक गिरणीत तूस आधी वेगळे होते आणि निर्भेळ कोंडा मिळतो. त्यात तेल असल्यामुळे तो लवकर खवट होतो. तेल काढून घेतलेला कोंडा अधिक टिकतो. तो सशांच्या आहाराचा चांगला घटक आहे, पण त्यातील तंतू मध्यम प्रमाणात असल्याने एकट्याच्या बळावर तो चोथ्याची गरज भागवू शकत नाही.

गिरणीतून निघणारा तिसरा पदार्थ म्हणजे कणी. ती स्वस्त असते आणि ससे ती आवडीने खातात. खरा धोका येथेच आहे. कणी म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. कोवळ्या पिल्लाला पिष्ट पुरतेपणी पचवता येत नाही, आणि कणीने पोट भरले की ते चोथ्याकडे वळत नाही. स्वस्त दाण्याच्या मोहाने पिल्ले गमावण्याची वेळ येते ती यामुळे.

भाताचा पेंढा, ज्याला छत्तीसगडमध्ये पैरा म्हणतात, तोही सिलिकायुक्त असून त्यात प्रथिने फारच थोडी असतात. शिवाय त्यातील ऑक्झलेटांमुळे चुन्याचा अंश शरीराला नीट लाभत नाही. थोड्या प्रमाणात चघळण्यासाठी व पिल्लांच्या पेटीत अंथरण्यासाठी त्याचा उपयोग करता येतो.

द्विदल पिकांचे कुटार

भातानंतर या भागात हरभरा व लाखोळी ही पिके घेतली जातात. लाखोळी, म्हणजेच तिवरा, भात उभा असतानाच ओल्या खाचरात फेकून पेरण्याची उतेरा पद्धत येथे रूढ आहे. हरभऱ्याच्या पिकासाठी बेमेतराचा परिसर प्रसिद्ध आहे. तुरीचे पीक बांधांवर व उंचवट्याच्या जमिनीत येते. मळणीनंतर उरणारे या पिकांचे कुटार, म्हणजे शेंगांची टरफले, पाने व बारीक काड्या यांचे मिश्रण, हाच लसूणघासाला खरा पर्याय आहे. त्यात सिलिका अत्यल्प असते आणि आतड्यांना चालना देणारा लिग्निनयुक्त तंतू पुरेसा असतो. पानांचा अंश अधिक असलेले कुटार उत्तम. तुरीच्या जाड काड्या मात्र इंधनासारख्याच असल्याने त्या वगळाव्यात. लाखोळीच्या दाण्यात पायांना लुळेपणा आणणारे विषारी अमिनो आम्ल असते. तेव्हा तिचे कुटार दाणे चाळून आणि मर्यादितच वापरावे. सुबाभळीच्या पाल्यातही मायमोसिन हे घातक द्रव्य असते, म्हणून तो थोडाच द्यावा.

अदलाबदल करताना वजनास वजन हा हिशेब चुकीचा ठरतो. समजा, 100 किलो खाद्यात 30 किलो लसूणघास आहे आणि त्यात 28 टक्के तंतू व 17 टक्के प्रथिने आहेत. त्यापासून 8.4 किलो तंतू व 5.1 किलो प्रथिने मिळतात. हरभऱ्याच्या कुटारात 40 टक्के तंतू व 5 टक्के प्रथिने धरली तर तेवढ्याच तंतूंसाठी 21 किलो कुटार पुरते. त्यातून 1.05 किलो प्रथिने मिळतात. उरलेल्या 9 किलोंच्या जागी 45 टक्के प्रथिने असलेली सोयाबीनची पेंड घातल्यास 4.05 किलोंची भर पडते आणि दोन्ही बाजू बरोबर जुळतात. लसूणघासातून मिळणारे कॅल्शियम मात्र चुनखडीची पूड घालून भरून काढावे लागते. कुटाराची रचना गावोगावी बदलत असल्यामुळे प्रत्यक्ष मिश्रणापूर्वी त्याचे पृथक्करण करून घेणे अगत्याचे आहे.

दळण आणि साठवण

योग्य पदार्थ निवडूनही तो पिठासारखा बारीक दळला तर हेतू निष्फळ होतो. सुमारे 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक कण अंधनालात परत जातात व तेथे रेंगाळतात, तर त्याहून जाड कण पुढे सरकतात. कागदावरचा तंतूंचा आकडा दोन्ही वेळी एकच असतो, पण आतड्याच्या दृष्टीने तो एक नसतो. म्हणून कुटार भरडसर ठेवावे.

साठवणही तितकीच महत्त्वाची आहे. कुटार उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळते आणि पावसाळाभर पुरवावे लागते. ओल लागून बुरशी आलेले कुटार सशाला विषसमान असते. ते जमिनीपासून उंच, हवेशीर व कोरड्या जागी ठेवावे आणि कुबट वास येताच टाकून द्यावे. मे महिन्यात रायपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. सशाला घाम येत नसल्याने तो उष्म्यात खाणे कमी करतो. अशा दिवसांत पहाटे व सूर्यास्तानंतर खाद्य देणे आणि दिवसभर थंड पाणी उपलब्ध ठेवणे आवश्यक ठरते.

पर्यायाची परीक्षा

नव्या खाद्याची परीक्षा लहान पाळकालाही घेता येते. एकाच वयाच्या व साधारण सारख्या वजनाच्या पिल्लांचे दोन गट करावेत. एका गटाला नेहमीचे व दुसऱ्याला नवे खाद्य द्यावे. बदल एकदम न करता आठदहा दिवसांत हळूहळू करावा. दर आठवड्याला वजन, खाल्लेले खाद्य, लेंड्यांचे स्वरूप आणि मृत्यू यांची नोंद ठेवावी. राजस्थानातील अविकानगर येथे 1962 साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी सशांवर जे प्रयोग होतात, त्यांचाही पाया असाच तुलनेचा असतो. फरक साधनांचा व पिल्लांच्या संख्येचा आहे.

या नोंदी वाचताना केवळ वजनाकडे पाहू नये. कमी चोथ्याच्या खाद्यावर जगलेली पिल्ले पुष्कळदा वजनाने सरस भरतात आणि त्यामुळे ते खाद्य उत्तम वाटू लागते. मेलेली पिल्ले तराजूवर येत नाहीत. म्हणून आठव्या आठवड्याच्या अखेरीस गटातील किती पिल्ले जिवंत आहेत हे प्रथम मोजावे आणि त्यांचे वजन त्यानंतर पाहावे. या क्रमाने पाहिल्यास तुसाच्या विपुलतेपेक्षा व कणीच्या स्वस्ताईपेक्षा मूठभर स्वच्छ, कोरड्या कुटाराचे मोल अधिक ठरते.